डीजेच्या व्यवसायात कराओके घ्यावे का? खरेदीआधी तपासायचा क्रम

सोलापूर शहरातले, तसेच अक्कलकोट, मोहोळ, बार्शीकडचे डीजेवाले माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "कराओके सुरू करायचंय, माइक कुठला घेऊ?" माइक हा या कामातला बराच पुढचा प्रश्न आहे. आधीच्या प्रश्नांची उत्तरे न शोधता ज्यांनी सामान आणले, त्यांतल्या अनेकांचे कॉर्डलेस माइक आज खोक्यासकट गोदामात पडून आहेत, आणि ज्यांनी घाईने एक-दोन कार्यक्रम केले त्यांच्या मूळच्या सुपाऱ्यांनाही त्याची झळ बसली आहे. कराओके म्हणजे डीजेच्या सामानात भर घातलेले एक यंत्र, ही समजूत या चुकीच्या मुळाशी आहे. डीजेत वाजवणारे आपण असतो. कराओकेत फक्त संगीत आणि पडद्यावरचे शब्द आपले, गाणारा पाहुणा असतो, आणि चारचौघांत त्याचा मान राखणे हे आपले काम होऊन बसते.

म्हणून आधी मागणी, मग वेळ, मग माणूस, त्यानंतर आवाज आणि गाणी, परवानग्या आणि अखेरीस पैसे, याच क्रमाने जावे. यांपैकी कोणत्याही पायरीवर उत्तर नकारार्थी आले तर तिथेच थांबता येते आणि तोवर खरेदीत एक रुपयाही गुंतलेला नसतो.

पायरी १: मागणी वहीत मोजा

तीन महिने एक वही ठेवावी. प्रत्येक चौकशीची तारीख, कार्यक्रमाचा प्रकार, जागा, पाहुण्यांची अंदाजे संख्या आणि गाण्याच्या कार्यक्रमाबद्दल झालेले बोलणे तीत लिहावे. या शेवटच्या नोंदीसाठी दोन वेगळे रकाने करावेत: ग्राहकाने स्वतःहून विचारले, की आपण सुचवल्यावर तो "चालेल की, असू द्या" म्हणाला. दुसऱ्या रकान्यातली संख्या मागणी म्हणून कधीही धरू नये. फुकट मिळत असेल तर हरकत नाही, एवढाच त्या होकाराचा अर्थ असतो.

या तीन महिन्यांत एखादा महिना लगीनसराईचा आणि एखादा चातुर्मासातला येईल असे पाहावे. लग्नाच्या तारखांना आपला संच आधीच बाहेर असतो, त्यामुळे कराओकेचा खरा उपयोग रिकाम्या महिन्यांत होतो की नाही, हेच आपल्याला शोधायचे आहे.

कोणत्या कार्यक्रमाला कराओके बसते, हेही याच वहीतून कळते. वरात आणि मिरवणूक यांचा इथे विचारच करू नये. हळदीला लोकांना नाचायचे असते, शिवाय हळद-तेलाच्या हातांनी धरलेल्या माइकची जाळी त्या एका संध्याकाळीच चिकट होऊन जाते. साठीशांत, सेवानिवृत्ती, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, महिलांची भिशी, सोसायटीची कोजागरी हे मात्र कराओकेचे हक्काचे कार्यक्रम आहेत. तिथे लोक एकमेकांना ओळखतात, बसून ऐकतात आणि गाणाऱ्याचा सूर हुकला तरी टाळ्या वाजवतात.

सेवानिवृत्तीच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. सरकारी कर्मचारी ज्या महिन्यात वयोमर्यादा गाठतो त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. आपल्याकडे जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लावलेली माणसे पुष्कळ आहेत, आणि १ तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होत असल्यामुळे हे सगळे ३१ मे रोजी एकदम बाहेर पडतात. म्हणजे निवृत्तीचे समारंभ महिनाअखेरीस दाटतात आणि त्यांची सर्वात मोठी गर्दी नेमकी लग्नाच्या तारखांवर येऊन पडते. वहीत वर्षाला पंधरा निवृत्ती समारंभ दिसले तरी आपल्याला प्रत्यक्ष घेता येतील असे किती, हा आकडा वेगळा काढावा लागतो.

तपासणी: तीन महिन्यांत स्वतःहून विचारणारे चार ग्राहकही मिळाले नाहीत, तर पुढची पायरी चढू नये.

पायरी २: वेळेचा हिशेब कागदावर मांडा

सर्वात जास्त फसगत इथेच होते. चित्रपटगीत साधारण साडेचार-पाच मिनिटांचे असते. एकाने माइक ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा, नाव पुकारायचे, गाणे लावायचे, यात एक-दीड मिनिट जाते. म्हणजे तासाला नऊ, फार तर दहा गाणी होतात.

आता हे आपल्याकडच्या संध्याकाळीवर बसवून पाहा. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. मे महिन्यात सोलापुरात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, आणि चाळिशीपार गेलेल्या उन्हात तापलेल्या लॉनवर साडेसातच्या आधी पाहुणा फिरकत नाही. सत्कार, दोन भाषणे आणि जेवण यांना दीड तास सोडला तर गाण्याला उरतो एक तास. पाहुणे दीडशे, नावे पंचवीस आणि गाणी दहा. ज्यांचा नंबर लागला नाही ते पंधरा जण आपल्याला नावे ठेवत घरी जातात, आणि त्यांत बहुधा यजमानाचा मेहुणा असतो.

यावर उपाय एकच आहे. कराओके मोकळे न सोडता ते ४५ मिनिटांच्या ठरीव खंडात बांधावे, सात गाणी असे सुपारी घेतानाच सांगावे आणि ती सात नावे यजमानाकडून आधी मागवून घ्यावीत. हा खंड जेवणाच्या आधी ठेवावा आणि नाचाचे संगीत त्यानंतर लावावे. लोक एकदा नाचायला उठले की त्यांच्यासमोर माइक देऊन संथ गाणे लावणे म्हणजे पेटलेली चूल विझवण्यासारखे आहे. तिसऱ्या मिनिटाला मंडळी खुर्च्यांकडे वळतात आणि नंतर कितीही ठेका वाजवला तरी ती परत येत नाहीत. दोन गाणी कराओकेची, दोन नाचाची असा आलटून-पालटून केलेला प्रयोग मी एकदाही यशस्वी झालेला पाहिलेला नाही.

सावधान: कोजागरीला लोकांना मध्यरात्रीपर्यंत गच्चीवर बसायचे असते. सण-उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंतची सवलत देऊ शकते. तो दिवस जाहीर यादीत आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय दहानंतरची सुपारी घेऊ नये. दूध आटायला उशीर झाला म्हणून नियम थांबत नाही.

पायरी ३: सूत्रसंचालनाला माणूस आहे का?

आपल्या संचात साधारण एक वाजवणारा, एक-दोन सामान हलवणारे आणि टेम्पोचा चालक असतो. कराओकेसाठी यांच्याव्यतिरिक्त एक माणूस लागतो आणि तो बोलका असून भागत नाही, तो शांत असावा लागतो. नावांची यादी हातात ठेवणे, पुढच्या गायकाला आधीचे गाणे चालू असतानाच माइकजवळ आणून उभे करणे, घाबरलेल्याला माइक कसा धरायचा ते कानात सांगणे, गाणे चुकले तर दुसऱ्या कडव्याला आवाज हळूच उतरवण्याची खूण करणे आणि तिसऱ्यांदा माइक मागणाऱ्याला न दुखावता नाही म्हणणे, ही त्याची कामे आहेत.

वाजवणाऱ्यानेच हे करावे, असे पुष्कळांना वाटते. ते जमत नाही. एक हात फेडरवर आणि दुसऱ्या हातात यादी असताना कुणीतरी मामा येऊन "आमच्या पिंकीचं नाव घ्या" म्हणतात, त्याच क्षणी माइक शिट्टी मारतो आणि दोन्हीकडचे लक्ष जाते. सूत्रसंचालकाला त्या संध्याकाळचा मेहनताना देता येत नसेल, तर कराओके आपल्याला परवडत नाही, असाच याचा अर्थ घ्यावा.

पायरी ४: आहे त्या सामानावर आवाजाची चाचणी घ्या

माझी स्वतःची मोठी चूक या पायरीची आहे. होटगी रस्त्यावरच्या एका लॉनवर सेवानिवृत्तीचा समारंभ होता. मी डीजे मिक्सरच्याच माइकच्या खाचेत माइक जोडला, दोन टॉप (मुख्य ध्वनिपेट्या) नेहमीसारखे कोपऱ्यांत लावले आणि सत्कारमूर्ती गाण्यासाठी त्यांच्यापुढे मोकळ्या जागेत येऊन उभे राहिले. त्यांनी गाण्याचे शब्द जुन्या पगारपत्रकाच्या मागच्या बाजूला सुवाच्य अक्षरात लिहून आणले होते. दुसऱ्या ओळीला माइकने अशी किंचाळी फोडली की पुढच्या रांगेतल्या बायकांनी कान झाकले. त्यांनी माइक माझ्या हातात दिला, कागदाची चौपदरी घडी घालून ती खिशात ठेवली आणि ते जाऊन बसले. मी पुन्हा या म्हणालो, पण ते आले नाहीत. त्या माणसाला ती संध्याकाळ एकदाच मिळणार होती, आणि मी रिकाम्या मैदानावर अर्धा तास चाचणी घेतली असती तर ती वाया गेली नसती.

ती चाचणी पुढील क्रमाने घ्यावी.

पहिली गोष्ट जागेची. टॉप नेहमी गाणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून असावेत, आणि गाणारा त्यांच्या मागच्या रेषेत उभा राहावा. त्याची जागा जमिनीवर टेपने आखून घ्यावी. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही तर तो ओरडतो आणि बेसूर होतो, म्हणून एक छोटा मॉनिटर (गाणाऱ्यासाठीची ध्वनिपेटी) त्याच्यासमोर त्याच्याकडे तोंड करून ठेवावा. सर्वसाधारण कार्डिऑइड (मुख्यतः पुढचा आवाज घेणारा) माइक पाठीमागून येणारा आवाज सर्वात कमी पकडतो. त्यामुळे मॉनिटर माइकच्या शेपटीच्या दिशेला आला की शिट्टीचा धोका कमी राहतो.

दुसरी गोष्ट मिक्सरची. डीजे मिक्सरवरची माइकची सोय घोषणेपुरती असते, तीवर आवाज घडवायला पुरेशी बटणे नसतात. माइकसाठी वेगळा छोटा ॲनालॉग मिक्सर भाड्याने आणावा, ज्यावर प्रत्येक माइकला तीन पट्ट्यांची टोन-जुळणी, लो-कट आणि थोडा एको असेल. लो-कट चालू ठेवून ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाकावा आणि माइकचा आवाज बेसच्या पेट्यांत जाऊ देऊ नये. मिरवणुकीसाठी वर-खाली ताणून ठेवलेली इक्वलायझरची जुळणी तशीच ठेवून कराओके करणे, ही या धंद्यातली सर्वात सरसकट चूक आहे. माइक लावण्याआधी सगळ्या पट्ट्या मधोमध आणाव्यात.

तिसरी गोष्ट पातळीची. आधी फक्त माइक उघडून शिट्टी कुठे सुरू होते ते पाहावे आणि तिथून चांगले खाली यावे. मग त्या आवाजाच्या खाली बसेल इतकेच संगीत चढवावे. आपली सवय उलटी असते: संगीत आधी जोरात, मग त्याच्यावर आवाज काढण्याची धडपड. युगुलगीताला दुसरा माइक उघडला की शिट्टीपूर्वीची मोकळीक ३ डेसिबलने कमी होते, म्हणून न गाणाऱ्याचा माइक बंद ठेवण्याची शिस्त हवी.

चौथी गोष्ट हाताची. पाहुणा माइकची जाळी मुठीत धरतो. मूठ आवळली की माइकची मागचा आवाज टाळण्याची क्षमता जाते आणि शिट्टी येते. "दांड्याला धरा आणि हनुवटीपाशी, दोन बोटांच्या अंतरावर ठेवा," हे वाक्य सूत्रसंचालकाने प्रत्येकाला सांगायचे.

तपासणी: संचातल्या न गाणाऱ्या माणसाच्या हातात माइक देऊन त्याला आखलेल्या जागेत चालायला सांगावे. तीन गाण्यांत एकदाही शिट्टी आली नाही तरच पुढे जावे.

पडदा आणि वीज यांबद्दल थोडक्यात. गाणाऱ्याला डोळ्यांच्या उंचीवर, श्रोत्यांकडे तोंड ठेवूनच वाचता येईल असा टीव्ही हवा. तो पाठीमागे लावला की गाणारा लोकांकडे पाठ करतो. उघड्या लॉनवर प्रोजेक्टर अंधार पडेपर्यंत निरुपयोगी असतो. गाणे लॅपटॉपवरून तारेनेच न्यावे, कारण ब्लूटूथने नेल्यास अनेकदा पडद्यावरचे शब्द पुढे आणि संगीत मागे पडते. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत लॅपटॉप तग धरतो, टीव्ही धरत नाही. त्यासाठी छोटा यूपीएस लागतो.

पायरी ५: गाण्यांचा साठा सोलापूरचा असावा

तयार मिळणारे साठे मुख्यतः हिंदी गाण्यांचे असतात आणि त्यांतले शब्द बहुधा रोमन लिपीत असतात. आपल्या शहरात हे पुरत नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली कुटुंबाच्या कार्यक्रमात तेलुगू गाणे मागितले जाणारच, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड हवेच, आणि मराठी भावगीतांशिवाय साठीशांत होत नाही. यातली बारकाई अशी की, घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या अनेकांचे शिक्षण मराठीतून झालेले असते. त्यांना ते गाणे तोंडपाठ असते, पण त्या लिपीतले शब्द भरभर वाचता येत नाहीत. त्यामुळे ट्रॅक घेताना शब्द कोणत्या लिपीत आहेत, हे स्वतः लावून पाहावे आणि साठीच्या पुढच्या मंडळींसाठी देवनागरीतले ट्रॅक जाणीवपूर्वक जमवावेत.

दुसरा प्रश्न पट्टीचा. पुरुषाने काळी एकमध्ये गायलेले गाणे काळी चारला गाणाऱ्या बाईंना द्यायचे, तर पेटीवरचे काळे-पांढरे सगळे स्वर मोजत ते पाच घरे खाली न्यावे लागते. संगणकाने दोन-तीन घरे सरकवलेला ट्रॅक चालून जातो, पण पाच घरांनंतर वाद्यांचा आवाज घोगरा आणि खोटा वाटू लागतो. लोकप्रिय गाण्यांचे स्त्री आणि पुरुष पट्टीतले वेगळे ट्रॅकच घ्यावेत. यजमानाकडून सात नावे घेतो तेव्हा गायकाने त्याची पट्टीही कळवावी. सांगता आली नाही, तर सूत्रसंचालकाने फोनवर दोन ओळी गाऊन घ्याव्यात.

सावधान: कार्यक्रमात यूट्यूबवरून थेट गाणे लावू नये. लॉनवरचे इंटरनेट मध्येच अडकते, ऐन कडव्यात जाहिरात येते, आणि त्या सेवेच्या अटींप्रमाणे तिचा वापर वैयक्तिक, बिगरव्यावसायिक कामापुरता आहे. आपण पैसे घेतो, हे विसरू नये.

पायरी ६: परवानग्या आणि हक्क

ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी डीजेप्रमाणेच इथेही लागते. कराओके लहान आवाजाचे असते म्हणून ती नको, हा समज चुकीचा आहे. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर राज्य शासनाने तसा जाहीर केला असेल तर शांतता क्षेत्रात मोडतो.

गाण्यांच्या हक्कांत दोन गोष्टी वेगळ्या आहेत: शब्द व चाल यांचा हक्क, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क. पहिल्याचा परवाना आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडून मिळतो, दुसऱ्यासाठी पीपीएल ही ध्वनिमुद्रणांचे परवाने देणारी कंपनी आणि अन्य हक्कधारक आहेत. प्रतिलिप्यधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये धार्मिक समारंभांना सवलत आहे आणि तिच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक समारंभ येतात. या सवलतीच्या व्याप्तीवरून न्यायालयांपर्यंत वाद गेलेले आहेत. पण आपल्यासाठी महत्त्वाचे हे की, कराओकेचे हक्काचे कार्यक्रम म्हणून वर जे सांगितले, ते सेवानिवृत्ती, मेळावे, भिशी हे लग्नाचे समारंभ नाहीत. डीजेच्या लग्नांत ज्या सवलतीवर आपण विसंबतो, ती इथे धरून चालता येत नाही. परवाना यजमान काढणार की आपण, हे इसार घेतानाच कागदावर लिहून घ्यावे.

पायरी ७: आता पैशांचा हिशेब

पुढचे आकडे पद्धत दाखवण्यासाठी आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. समजा छोटा मिक्सर, दोन माइक, मॉनिटर, टीव्ही, यूपीएस आणि ट्रॅक मिळून ५०,००० रुपये लागले. कराओकेचे वेगळे ४,००० मिळतात. त्यातून सूत्रसंचालकाचे १,२००, जादा वाहतुकीचे ३०० आणि बॅटरी, दुरुस्ती, नवे ट्रॅक यांसाठी बाजूला ठेवायचे ५०० गेले की २,००० उरतात. म्हणजे मुद्दल निघायला २५ कार्यक्रम हवेत. आता वहीतल्या पहिल्या रकान्याकडे जावे. स्वतःहून विचारणारे आणि आपल्याला तारीख देता येणारे वर्षाला दहा असतील, तर अडीच वर्षे लागतील. आपण किती थांबू शकतो, ते ज्याचे त्याने ठरवावे, पण दुसऱ्या रकान्यातली नावे मिळवून हा आकडा फुगवू नये.

सावधान: पहिल्या कार्यक्रमाला ओळख म्हणून कराओके फुकट देऊ नये. एका लग्नाच्या पाहुण्यांतून पुढची सुपारी येते आणि तो पाहुणा "तिथे तर तसंच दिलं होतं" हे लक्षात ठेवूनच येतो.

पायरी ८: भाड्याच्या सामानावर तीन कार्यक्रम, मग निर्णय

खरेदीआधी तीन पैसे घेतलेले कार्यक्रम भाड्याच्या सामानावर करावेत: एक बंद सभागृहात, एक उघड्या लॉनवर आणि एक घरगुती, पन्नास माणसांच्या आतला. प्रत्येकानंतर त्याच रात्री, सामान टेम्पोत चढवण्याआधी, चार नोंदी कराव्यात. ठरलेल्या ४५ मिनिटांत किती गाणी झाली? शिट्टी किती वेळा आली? जेवणानंतर नाचायला किती मंडळी उठली? आणि कुणी येऊन आपला क्रमांक मागितला का? तिन्ही वेळा सात गाणी पूर्ण झाली, शिट्टी आली नाही आणि निदान दोन कार्यक्रमांतून नवी चौकशी आली, तर सामान घ्यावे. शिट्टी आली असेल तर पायरी ४ वर परत जावे. गाणी अपुरी राहिली असतील, तर दोष सामानात नसून पायरी ३ मधल्या माणसात आहे.

चौकशी आली नाही आणि तरी हा विषय सोडवत नसेल, तर शहरातल्या हौशी कराओके गायकांच्या गटांना आपली ध्वनिव्यवस्था भाड्याने देता येते. ट्रॅक, लॅपटॉप आणि सूत्रसंचालन त्यांचे, टॉप, मॉनिटर आणि मिक्सरवरचा माणूस आपला. अशा वेळी ध्वनिक्षेपकाची परवानगी कुणाच्या नावाने निघणार आणि पावणेदहाला शेवटचे गाणे कोण जाहीर करणार, एवढे दोन मुद्दे आधी लिहून घ्यावेत.